तुम्ही विचारलंत म्हणून: बाबा गेल्यावर

"बाबा गेल्यावर तुम्ही त्यातून बाहेर कसे आलात?" ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलंय, तो हमखास मला हे विचारतो. खरं सांगतो, मी बाहेर आलो नाही. आत-बाहेर करायला शिकलो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेकाठी. त्या दिवशी चूल पेटली नाही. संध्याकाळी शेजारच्या कन्नड घरातल्या अक्का भाकरी-पिठलं घेऊन आल्या. आईपुढे ताट ठेवून एवढंच म्हणाल्या, "ऊट माड्री", म्हणजे जेवा. आईने दोन घास खाल्ले. कडू घास म्हणतात तो हाच. लोक काय काय बोलून गेले, आठवत नाही. ते पिठलं आठवतं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मी शेताचं बोललो, बहिणीचं बोललो. शेवटी काका म्हणाले, "म्हशीचं बोल." मी बेळगावात नोकरीला, म्हस विकायचं मनात ठरवूनच टाकलं होतं. "बाबा, म्हस विकणार नाही," म्हटलं आणि कावळा उतरला. त्याला काय कळलं यावर मी वाद घालत नाही. दहा दिवस घशात अडकलेलं चार माणसांत बोललो, तेव्हा कुठे मला रडू आलं.

शिकलेले लोक दुःखाच्या पाच पायऱ्या सांगतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी त्या १९६९ साली मांडल्या, त्याही मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात असं काही नाही. मला पटतं ते श्ट्रोबे आणि शुट या मानसशास्त्रज्ञांचं १९९९ सालचं म्हणणं: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी कामाला लागतो, आणि दोन्ही लागतं. मात्र सहा-सहा महिने जगणंच थांबलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याला धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ, जवळ आहे.

बाबा कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहीत. सतरा तारखेपर्यंत त्यांचं अक्षर, पुढचे चौकोन कोरे. ते पान आईने कितीतरी महिने उलटू दिलं नाही. मग एका सकाळी धार काढून आली आणि स्वतःच पेन मागितलं.

जुनं पान फडताळात जपून ठेवलंय. हिशेब आता आई लिहिते. 'लिटर'मधली 'लि' दीर्घ काढते, बाबा काढायचे तशीच.