चंचीतल्या गोळ्या

जठराला किंवा त्याच्या पुढच्या आतड्याला भोक पडलेला पेशंट ओळखायला सर्जन लागत नाही, असं आमचे सर म्हणायचे. पेशंट निपचित पडलेला असतो, कूस बदलायला घाबरतो, श्वास वरच्यावर घेतो आणि पोटाला हात लावला की फळी लागते. जठरातलं ॲसिड पोटाच्या आतल्या पडद्यावर सांडलं की स्नायू असे आवळतात की दाबू म्हटलं तरी दबत नाहीत. त्या जानेवारीत पहाटे जी बाई आमच्याकडे आणली, तिचं पोट मऊ होतं.

आमचा भाग कोल्हापूरकडचा, उसाच्या पट्ट्यातला. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या उतरतात, कारखान्याच्या आसपास कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर असते, त्यामुळे एकानं दिवस बुडवला की खाडा दोघांचा. म्हणून ही माणसं दवाखान्यात येतात ती अगदी शेवटी. हिच्याही पोटात आदल्या दुपारी कळ आली होती. तरी फड उरकला, रात्री मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवल्या आणि मग ती कोपीत कोसळली.

बाई चाळिशीच्या आतबाहेरची. नाडी १३०, वरचं ब्लडप्रेशर ८०. हातपाय काटक्यांसारखे, चेहरा मात्र गोल, सुजल्यासारखा, आणि दंडांवर काळेनिळे डाग. बेंबीखाली जुना व्रण होता. नवरा म्हणाला, “पिशवी काढलीया सायेब, लई वर्सं झाली.” बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या या ऑपरेशनांवरून २०१९ साली राज्यभर गदारोळ झाला, सरकारनं चौकशी समिती नेमली. आम्ही मात्र हे व्रण त्याआधीपासून बघत होतो. पाळी आली की कामाला खोटी होते, हे कारण बायका स्वतःच सांगतात.

रात्रपाळीच्या डॉक्टरनं जुलाब-उलट्यांतून पाणी कमी झालंय असं धरून सलाइन चालू केलं होतं. त्याला दोष देणार नाही. पोट थोडं फुगलेलं, दाबलं की ती नुसती कण्हायची. मी सवयीनं उजव्या बरगड्यांवर बोटानं ठोकून पाहिलं. तिथे यकृत असतं, आवाज बद्द यायला हवा. तो पोकळ आला. पोटात मोकळी हवा असेल तर असं होतं. छातीचा एक्स-रे उभ्यानं काढावा लागतो, पण तिला उभं राहवेना. मग डाव्या कुशीवर झोपवून थोडा वेळ तसंच ठेवलं, हवा वर यावी म्हणून, आणि फोटो काढला. यकृत आणि बरगड्या यांच्यामध्ये काळी पट्टी स्पष्ट दिसली. शंका उरली नाही. (प्रत्येक भोकात हवा दिसतेच असं नाही, हे नव्या डॉक्टरांना सारखं सांगावं लागतं.)

पण मग पोट मऊ कसं?

उत्तर सिस्टरनं आणलं. ऑपरेशनला घेण्याआधी अंगावरचे दागिने, कमरेचं काय असेल ते काढून नातेवाइकांकडे देतात. बाईच्या कमरेला चंची, म्हणजे कापडी बटवा, होती. तिच्यात मिसरीची डबी, सुपारी आणि कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या. एक मोठी पिवळी, एक बारकी पांढरी. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “अंगदुखीच्या हायेत. कोपीजवळच्या दुकानात मिळत्यात. दोन घेतल्या की दिसभर मोळी उचलती.”

अशी जोडी आमच्या भागात नवी नाही. मोठी गोळी वेदनाशामक, डायक्लोफेनॅकच्या जातीची. जठराच्या आतल्या बाजूला जो संरक्षक थर असतो, तो ज्या द्रव्यांमुळे टिकतो ती द्रव्यंच ही गोळी तयार होऊ देत नाही. बारकी पांढरी म्हणजे स्टेरॉइड. दोन्ही एकत्र घेतल्या की अल्सर, म्हणजे आतल्या अस्तराला जखम, होण्याचा, तो फुटण्याचा धोका कितीतरी वाढतो. वर स्टेरॉइड सूज आणि वेदना दाबून ठेवतं, म्हणजे भोक पडलं तरी पोट ओरडत नाही. गोल चेहरा, दंडावरचे डाग, सगळं जुळलं. ज्या गोळीनं भोक पाडायला हातभार लावला, तिनंच ते झाकूनही ठेवलं होतं.

भूल देणाऱ्या मॅडम शेजारच्या तालुक्यातून आल्या. सलाइनच्या बाटल्या जाऊनही ब्लडप्रेशर उचलत नव्हतं. पुडी दाखवताच त्या म्हणाल्या, “मग हायड्रोकॉर्टिसोन द्या आधी.” बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं काम सोडून देतात, आणि अंगावर मोठं संकट आलं की शरीराला ते कमी पडतं. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइडच, ते १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. थोड्या वेळानं प्रेशर शंभरापर्यंत आलं. माझ्या मते ती बाई वाचली ती तिथे, माझ्या टेबलावर नव्हे.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही. पोट उघडताच हवा सुटली, मागोमाग हिरवट पाणी. जठर संपतं तिथून लगेच पुढे, ड्युओडेनमच्या समोरच्या भिंतीवर अर्ध्या सेंटिमीटरचं भोक. ते नुसतं ओढून शिवायचं नसतं, कारण कडा सुजलेल्या असतात, टाके कापत जातात. भोकाच्या आरपार तीन टाके सैल घालायचे, आतड्यांवरचा चरबीचा पदर, म्हणजे ओमेंटम, त्याचा रक्तपुरवठा न तोडता भोकावर आणून ठेवायचा आणि वरून हलक्या हातानं गाठी मारायच्या. टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ साली ओमेंटमचा सुटा तुकडा वापरून अशी रीत मांडली, त्यांचंच नाव तिला चिकटलं. खरं तर रक्तपुरवठा न तोडता पदर आणायचं हे काम सेलन-जोन्स यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवलं होतं. मग कोमट सलाइननं पोट धूत राहायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. वेळ त्यातच जातो, आणि कंटाळा करायचा नाही तो तिथेच.

सरांच्या काळी एवढ्यावर भागत नसे. ॲसिड कमी व्हावं म्हणून जठराकडे जाणाऱ्या व्हेगस नसा कापायचे, जठराला नवी वाट करून द्यायचे. सरांना ते करताना मी पाहिलंय, स्वतः कधी केलं नाही. आधी ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, मग ऑस्ट्रेलियातल्या वॉरेन आणि मार्शल यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असतो. लोक मानेनात म्हणून मार्शलनं १९८४ मध्ये त्या जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन जठराला सूज आणवून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आमच्या शाखेतली एक अख्खी शस्त्रक्रिया गोळ्यांनी मोडीत काढली. मला त्याचं वाईट वाटत नाही, सरांना थोडं वाटायचं.

पहिले दोन दिवस तिचं लघवीचं प्रमाण मोजण्यात आणि नाकातली नळी सांभाळण्यात गेले. जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड गावाकडून फोनवर मागवलं. स्टेरॉइड एकदम तोडता येत नाही, म्हणून आधी शिरेतून, मग गोळीनं, दर आठवड्याला कमी करत जायचं ठरलं. जखम ओली राहिली, भरायला वेळ लागला. त्यातही स्टेरॉइडचा हात होताच. तपासणीत हेलिकोबॅक्टर निघाला, म्हणून १४ दिवसांची दोन प्रतिजैविकं आणि ॲसिडची गोळी लिहिली. पुढे गावी गेल्यावर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात दुर्बिणीनं बघून घ्या म्हणून चिठ्ठी दिली.

मधेच मुकादमाचा फोन आला. नवऱ्यानं तो माझ्या कानाला लावला. “डॉक्टर, बाई कधी सुटंल? कोयता मोडलाय ना माझा.” तीन महिने वजन उचलायचं नाही, असं सांगितलं. तो बराच वेळ हिशेब बोलत राहिला, मी सर्टिफिकेट लिहून दिलं.

दवाखान्यातून सुट्टी द्यायच्या दिवशी तिला कॉटजवळ बसून समजावलं. “ताई, ती पुडी पुन्हा घ्यायची नाही. मिसरी पण सोडा.”

“आन् कंबर दुखली तर?”

“पॅरासिटामॉल घ्या. पोटाला त्रास नाही तिचा.”

“त्यानं मोळी उचलती का, दादा?”

“नाही उचलत,” मी म्हणालो, आणि नवऱ्याला पुन्हा एकदा तीन महिने म्हणजे कुठली तारीख ते कागदावर लिहून दिलं.