तीन वर्षं नव्हे, एकच

मायामीतल्या आमच्या वकिली ऑफिसात क्रूझ प्रवाशांच्या फायली रोजच्याच. बहुतेक ओल्या डेकवरून घसरलेल्यांच्या. त्या दुपारी आलेल्या बाईंचं प्रकरण वेगळं होतं. जहाजावर नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं. तिथल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी देऊन केबिनमध्ये परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी हार्ट अटॅक. जीव वाचला, पण हृदय कायमचं अधू झालं.

"तशी घाई नाही ना? तीन वर्षं मिळतात असं ऐकलंय," त्या म्हणाल्या.

ऐकलेलं खोटं नव्हतं. अमेरिकेच्या सागरी कायद्यात इजेच्या दाव्याला तीन वर्षांचीच मुदत आहे. पण तिकिटाच्या करारात ती एक वर्षावर आणायची मुभाही कायदाच देतो, आणि क्रूझ कंपन्या ती सोडत नाहीत. तारखा पाहिल्या तर वर्ष भरायला आठवडाही उरला नव्हता. शिवाय सहा महिन्यांत कंपनीला लेखी कळवायचं, अशी आणखी एक अट. बाईंनी हॉस्पिटलमधूनच कंपनीला एक ईमेल पाठवला होता. त्यात संतापच जास्त. पण जहाजाचं नाव, तारीख, घडलेला प्रकार सगळं होतं. मला तेवढं पुरे होतं.

त्यांना दावा आपल्या राज्यात लावायचा होता. तिकिटात मात्र मायामीचं फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्ट ठरवून दिलेलं. अशी अट चालते, असं सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये 'कार्निव्हल विरुद्ध शूट' खटल्यात सांगितलं. मला तो निकाल आजही पटत नाही. छापील तिकिटाच्या अटींवर घासाघीस कोण करतो?

खरा वाद डॉक्टरांवरून होणार होता. जहाजावर आजारी पडलात एवढ्यानं कंपनी काही देणं लागत नाही, हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. आणि डॉक्टरांच्या चुकीबद्दल कंपन्या १९८८च्या 'बार्बेटा' निकालावर बोट ठेवत : डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिक, आमचा संबंध नाही. २०१४ मध्ये 'फ्रान्झा' खटल्यात अकराव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यं मिळून केलेल्या फेडरल विभागाच्या, अपील कोर्टानं ही सरसकट सूट मानायला नकार दिला. मायामीचं राज्य फ्लोरिडा त्याच कोर्टाखाली येतं, म्हणून आम्हाला वाट होती. अंगावर कंपनीचा गणवेश, दवाखाना कंपनीचा, मग डॉक्टर परके कसे?

"दवाखान्याचं बिल ठेवलंय?"

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. तपासणी, ईसीजी, गोळ्या, सगळं केबिनच्या खात्यावर, बारच्या बिलाच्या खालच्याच ओळींत, वर कंपनीचं बोधचिन्ह. ईसीजी काढला होता तर! त्याचा आलेख आणि दवाखान्याच्या नोंदी जपून ठेवा, असं पत्र कंपनीला त्याच संध्याकाळी गेलं. दुसऱ्या दिवशी दावा दाखल झाला.

कंपनीचं उत्तर अपेक्षेप्रमाणेच : डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिक, तिकिटात तसं लिहिलंय, दावा फेटाळावा. न्यायाधीशांनी फेटाळला नाही. आलेख हाती आल्यावर कंपनीच्या वकिलांनीच तडजोडीचा विषय काढला. रक्कम सांगता येत नाही, कारण ती गुप्त ठेवायची अट तडजोडीतच आहे.