आमची वाटचाल : दुसरं चॅनेल साक्षीला

‘डावीकडून आवाज येत नाही’ किंवा ‘उजवीकडे खरखर आहे’. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या स्टिरिओ पॉवर अँप्लिफायरची तक्रार बहुधा एवढीच असते, आणि ती ऐकून आम्हाला हुरूप येतो. दोन्ही बाजू बंद असतील तर सर्किट डायग्राम शोधण्यापासून तयारी करावी लागते. एक बाजू, म्हणजे एक चॅनेल, चालू असेल तर बिघडलेल्या बाजूत कुठे किती व्होल्ट हवेत, हे तीच सांगते. आमचा धंदा या एका गोष्टीवर उभा राहिला.

सुरुवातीला आम्ही येईल ते दुरुस्त करायचो. पुढे नव्या यंत्रांमध्ये अख्खा बोर्ड बदलायची पद्धत आली आणि दोष शोधण्याचं काम आटत गेलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले अँप्लिफायर मात्र सुट्या ट्रान्झिस्टरचे, प्रत्येक भाग काढून तपासता येईल असे. लोकांना ते टाकायचे नव्हते आणि हात लावायला कोणी तयार नव्हतं. आम्ही बाकीची कामं सोडली. उत्पन्न आधी घटलं. तरीही तो निर्णय आम्हाला आजही योग्यच वाटतो.

कामाची पद्धत बसायला मात्र वेळ लागला. यंत्र आणण्याआधी ग्राहकाला आम्ही फोनवरच सांगतो : सगळं बंद करून इनपुटच्या वायरी डावी-उजवी बदलून पाहा. दोषाने बाजू बदलली तर तो प्लेअरमध्ये किंवा वायरमध्ये आहे. स्पीकर मात्र अदलाबदल करू नका. स्पीकरला ताकद देणारा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल आणि संरक्षणाचा रिले (बिघाड झाला की स्पीकर तोडणारा स्विच) नसेल किंवा चिकटला असेल, तर स्पीकरवर थेट डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, जाते. ८ ओहमच्या कॉइलवर ४० व्होल्ट म्हणजे ५ अँपिअर, म्हणजेच २०० वॉटची नुसती उष्णता. एक स्पीकर आधीच जळालेला असतो. तपासण्याच्या नादात दुसराही जातो. हे आम्ही इतक्यांदा सांगितलंय की आता पावतीवरच छापून घेतलं आहे.

यंत्र उघडलं की आधी वीज साठवून ठेवणारे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करायचे. मग वीज न देता मल्टिमीटर डायोड तपासायच्या खुणेवर ठेवून दोन्ही चॅनेलचे तेच तेच बिंदू मोजत जायचं. चांगल्या बाजूला ०.६ व्होल्ट आणि दुसरीकडे शून्य दिसलं की जागा सापडली. बहुतेकदा तो हीट सिंकवरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरचा) धातूच्या टोपीचा आउटपुट ट्रान्झिस्टर असतो, आणि त्याच्यासोबत ०.२२ किंवा ०.३३ ओहमचा एमिटर रेझिस्टर ओपन, म्हणजे आतून तुटलेला, असतो, कधी आउटपुटला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही.

इथेच घाई होते. ट्रान्झिस्टर बदलला, आवाज आला, यंत्र परत दिलं. काही दिवसांनी तेच चॅनेल पुन्हा जळतं. ट्रान्झिस्टर का गेला, हे कोणी पाहिलेलंच नसतं. बायस म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा छोटा प्रवाह. त्याचा डायोड ओपन झाला किंवा तो कमी-जास्त करणाऱ्या ट्रिमरचं सरकतं टोक ट्रॅकवरून सुटलं, तर पुष्कळ सर्किटांमध्ये बायस एकदम वर जातो आणि नवा जोडही तसाच तापून मरतो. म्हणून कारण सापडेपर्यंत आम्ही नवा ट्रान्झिस्टर बसवत नाही. ग्राहक कितीही घाईत असला तरी नाही.

दुरुस्तीनंतरची पहिली वीज नेहमी सिरीज बल्बमधून, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडून. ६० किंवा १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख राहिला तर लगेच बंद. मग गाणं नसताना आउटपुटवर उरणारा डीसी ऑफसेट पाहायचा : तीस-चाळीस मिलिव्होल्टपर्यंत चालतो. बायस एमिटर रेझिस्टरवर मोजायचा. ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. हा आकडा थंड असताना लावून भागत नाही. यंत्र पुरतं तापल्यावर पुन्हा पाहावा लागतो, आणि तो दुसऱ्या चॅनेलशी जुळायला हवा.

खरखरीचा प्रकार निराळा. तिथे काही जळलेलं नसतं. जुने छोटे ट्रान्झिस्टर, त्यातही २एससी४५८सारखे, वयानुसार गळके आणि खरखरीत होतात. कधी ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाख) असतं, कधी रिलेचे काळवंडलेले काँटॅक्ट, तर कधी कपॅसिटर धरून ठेवायला वापरलेला डिंक तपकिरी होऊन वीज वाहू लागतो. संशयित भागावर फ्रीझ स्प्रे मारून ऐकत राहायचं. हे काम चिकाटीचं आहे आणि आमच्या कारखान्यात सगळ्यांना तेच जास्त आवडतं.

सरसकट सगळे कपॅसिटर बदलण्याच्या मात्र आम्ही विरोधात आहोत. मोजून बघावं. हीट सिंकशेजारचे सुकतात, लांबचे कित्येकदा उत्तम असतात. बदललाच तर दोन्ही चॅनेलमध्ये बदलतो, म्हणजे बाजू सारख्या राहतात.

सुट्या भागांनी आम्हाला सर्वाधिक छळलं. बंद पडलेल्या नंबरांचे ट्रान्झिस्टर बाजारात सहज मिळतात, पण आत भलतीच छोटी चिप असते आणि पूर्ण लोडवर ती उडते. आता आम्ही फक्त अधिकृत वितरकांकडून चालू उत्पादनातले भाग घेतो. एमजे१५००३ आणि एमजे१५००४ हा जोड बऱ्याच ठिकाणी चालतो. तरी नवा भाग जुन्यापेक्षा वेगवान असेल, तर सर्किट ऐकू न येणाऱ्या वारंवारतेला आंदोलन करू लागतं आणि हीट सिंक गाणं न लावताच तापतं. ते कानाला कळत नाही, ऑसिलोस्कोपवर दिसतं. म्हणून जागा वाढवण्याआधी आम्ही स्कोप घेतला.

प्रत्येक यंत्राच्या चांगल्या चॅनेलची मोजमापं आम्ही वहीत उतरवत आलो. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पहिलं काम हेच. दोन्ही चॅनेल गेलेलं यंत्र आलं, तर त्याच मॉडेलचं जुनं पान उघडता येतं. त्या वह्यांच्या जोरावर अलीकडे पूर्ण बंद यंत्रंही घ्यायला सुरुवात केली आहे.

सध्या टेबलावर आहे तो बायस डायोडचा प्रश्न. एसटीव्ही मालिकेतले ते जुने डायोड आता बनत नाहीत. त्यांच्या जागी साधे सिलिकॉन डायोड एकापुढे एक जोडून, हीट सिंकला घट्ट बसतील अशा छोट्या पट्ट्या आम्ही करून पाहतो आहोत. बायस थंड असताना जुळतो. तापल्यावर अजून थोडा सरकतो. तो जागेवर राहीपर्यंत ही पट्टी कोणाच्या यंत्रात जाणार नाही.