प्रोटॉन थेरपीसाठी लातूर ते खारघर : निघण्याआधी हे वाचा

‘प्रोटॉनला साईड इफेक्टच नसतो. आठ दिवसांत सुरू होतं, तीन मिनिटांत संपतं, माणूस उठून कामाला लागतो.’ कॅन्सरवरच्या प्रोटॉन रेडिएशनबद्दल एका एजंटाने ताईला हे फोनवर सांगितलं, वर परदेशातल्या कुठल्याशा हॉस्पिटलचं पन्नास लाखांचं पॅकेज पाठवलं आणि फाइल बघण्याचेच पंधरा हजार आगाऊ घेतले. त्यातलं एकही वाक्य खरं निघालं नाही आणि पैसेही परत आले नाहीत. दाजींची ट्रीटमेंट आता पूर्ण झाली आहे. थकवा उतरायच्या आत सगळं लिहून काढतो, म्हणजे मागून येणाऱ्यांचे तरी पैसे आणि दिवस वाचतील.

दाजींना कॉर्डोमा, म्हणजे हाडात होणारा दुर्मिळ कॅन्सर. कवटीच्या तळाशी, ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) खेटून असलेली गाठ. नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन झालं, पण थोडी गाठ आत राहिली. अशा गाठीला ७० ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) वर डोस लागतो आणि तेवढा ब्रेनस्टेमला किंवा डोळ्याच्या नसांना झेपत नाही. प्रोटॉनचा उपयोग इथेच आहे. नेहमीच्या रेडिएशनचे किरण गाठीतून आरपार जाऊन पलीकडच्या भागालाही भाजतात. प्रोटॉन वाटेत थोडीच ऊर्जा सोडतो, बहुतेक सगळी शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये टाकतो आणि थांबतो. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात मुरावं, बांधापलीकडे थेंब जाऊ नये, तसं.

त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. चेन्नईत जानेवारी २०१९ पासून खाजगी केंद्र आहे. टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र सरकारी क्षेत्रातलं देशातलं पहिलं, तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये उपचार सुरू झाले. आम्ही खारघरला गेलो.

आता स्पष्टच सांगतो. लहान मुलांच्या मेंदूच्या गाठी, कवटीच्या तळाचे आणि मणक्याचे कॉर्डोमा, एकदा रेडिएशन दिलेल्या जागी पुन्हा द्यायची वेळ : यासाठी धडपड करा, उधार-उसनवार करा. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी नको. अमेरिकेतल्या पार्टिकॉल चाचणीत साडेचारशे पुरुषांची तुलना झाली, २०२४ मध्ये निकाल आला : आयएमआरटी (नेहमीच्या किरणांचं आधुनिक रेडिएशन) आणि प्रोटॉन यांत आजार आटोक्यात राहण्यात फरक नाही, त्रासातही नाही. आजार अंगभर पसरला असेल तर प्रोटॉनने तो बरा होत नाही. आणि आपल्याकडे गावोगावी असलेले गुटख्याच्या तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट : ऑपरेशननंतर रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. प्रोटॉनचं नाव ऐकून दोन महिने रांगेत थांबू नका. बार्शीला किंवा संभाजीनगरला वेळेत मिळणारं साधं रेडिएशन उशिरा मिळालेल्या प्रोटॉनपेक्षा बरं. निर्णय जॉइंट क्लिनिकमध्ये सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर समोरासमोर बसून घेतात, एजंट नाही. नोंदणीला कुणा मध्यस्थाची गरज नसते.

मणक्याचं ऑपरेशन ठरत असेल आणि पुढे प्रोटॉन लागण्याची शक्यता असेल, तर ऑपरेशनच्या आधी सर्जनला विचारा : कार्बन फायबरचे स्क्रू घालता येतील का? नेहमीच्या टायटॅनियमच्या स्क्रूंमुळे सीटीवर रेघा उमटतात आणि बीम (प्रोटॉनचा झोत) नेमका कुठे थांबेल याचा हिशेब अवघड होतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सोबत काय न्यायचं : बायोप्सीचा नुसता रिपोर्ट चालत नाही, काचेवरची स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लागतात. एमआरआयची सीडी हवी, फिल्म नव्हे. लातूर एक्सप्रेसने येत असाल तर मुंबईपर्यंत जाऊ नका. ठाण्याला उतरा, ट्रान्स हार्बरची पनवेल लोकल पकडा, खारघर थेट.

आठ दिवसांत काहीच सुरू होत नाही. आधी सिम्युलेशन, म्हणजे उपचाराची मोजमापं : ऑर्फिटची प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर घट्ट बसवतात, हाच मास्क, सीटी आणि एमआरआय होतं, मग डॉक्टर एकेका स्लाइसवर गाठ आणि नसा आखतात, फिजिसिस्ट प्लॅन करतात, तो मशीनवर तपासतात. यात दोन-तीन आठवडे सहज जातात आणि ते जायलाच हवेत. मशीन समजलं की घाई करावीशी वाटत नाही. प्रोटॉनला वेग देणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्राचं वजन दोनशे टनांच्या वर, तो प्रोटॉनला प्रकाशाच्या जवळपास साठ टक्के वेगाला नेतो. उपचाराच्या तिन्ही खोल्यांना तोच एक बीम आळीपाळीने मिळतो, म्हणून टेबलावर मास्क लावून बीमची वाट बघत पडून राहावं लागतं. बीम काही मिनिटांचा, पण खोलीत अर्धा-पाऊण तास धरा. आठवड्यातून पाच दिवस, सात-आठ आठवडे.

बीम चालू असताना दाजींना डोळे मिटलेले असूनही निळा उजेड दिसायचा, कधी ब्लीचिंग पावडरसारखा वास यायचा. पहिल्या दिवशी ते घाबरले. डोक्याच्या पेशंटमध्ये असं होतं, दुखत काही नाही. पहिले तीन आठवडे बरे गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चौथ्या आठवड्यापासून मात्र हाल. घसा आतून सोलल्यासारखा, कान बंद, उभं राहिलं की चक्कर. बीम जिथून शिरतो तिथले केस मुठीने गेले आणि कानामागची कातडी लाल होऊन काळी पडली. ‘प्रोटॉनने कातडी जळत नाही’ हे धादांत खोटं आहे. कातडीवर नेहमीच्या रेडिएशनपेक्षा जास्त डोस बसू शकतो. डॉक्टरांनी दिलेलं मलमच लावा. दाजींच्या आईंनी भक्तिभावाने हळद-तेल पाठवलं होतं, ते ताईने कपाटातच ठेवलं.

त्यात दाजींना सर्दी झाली. घरी आपण सर्दीला किंमत देत नाही, इथे तिने प्लॅन बदलायला लावला. नाकामागच्या पोकळीत हवा असते तेव्हा बीम जेवढा आत जातो, तेवढा ती शेंबडाने भरल्यावर जात नाही. मग गाठीच्या मागच्या कडेला डोस कमी पडतो. नेहमीच्या रेडिएशनला असा बदल इतका जाणवत नाही. मधल्या तपासणीच्या सीटीत ते दिसलं आणि प्लॅन पुन्हा करावा लागला. शिवाय वजन उतरलं होतं. मास्क गालाजवळ सैल झाला, दाजींची हनुवटी आत हलायला लागली. ‘पुन्हा प्लॅन’ हे शब्द ऐकून ताई पायरीवर बसली आणि रडली. म्हणून हात जोडून सांगतो : नाक सलाईनने धुण्याबद्दल पहिल्याच दिवशी विचारून घ्या, सर्दी-तापाच्या माणसाला खोलीत येऊ देऊ नका, आणि वजन दर दोन दिवसांनी लिहून ठेवा. उतरायला लागलं की त्याच दिवशी डायटिशियनकडे जा, सोमवारची वाट बघू नका. भाकरी घशाखाली उतरत नाही. दाजींना ज्वारीच्या आंबिलीने तारलं, सोबत अंडी आणि मऊ भात. ज्वारीचं पीठ लातूरहून न्या.

खोलीच्या बाबतीत सावध राहा. पेशंट आहे कळलं की वन आरकेचं भाडं दिवसाच्या हिशेबाने सांगतात. आम्हाला दिवसाला बाराशे सांगितले, वर दलाली, आणि निघताना रंगाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापलं ते वेगळंच. महिन्याचा करार करा, तळोजा किंवा पनवेलकडे जा, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लिफ्ट आणि कमोड नसेल तर खोली बघूही नका, सहाव्या आठवड्यात पेशंटला तीन जिने चढवत नाहीत. लहान मूल असेल तर आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात सेंट ज्यूड संस्थेच्या मोफत निवासाबद्दल विचारा. स्टेशनवरच्या रिक्षावाल्याने दीडशे सांगितले तर मीटर टाकायला लावा, नाहीतर बस घ्या.

संपलं म्हणून फाइल बांधून ठेवू नका. गाठ कमी झाली का हे लगेच दिसत नाही, पहिला एमआरआय काही महिन्यांनी होतो आणि कॉर्डोमात गाठ वाढली नाही हीच चांगली बातमी असते. शरीरातल्या हार्मोनवर ताबा ठेवणारी पिट्युटरी ग्रंथी शेजारीच असल्याने थायरॉईड आणि कॉर्टिसोलच्या तपासण्या वर्षानुवर्षं कराव्या लागतात. डोळे आणि ऐकणंही तपासायचं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासह मिळतो. निघायच्या आधीच्या भेटीत तो भरून घ्या, गर्दीच्या दिवशी सहीसाठी गाडी चुकते.