लामालेरा: ठरलेल्या वाट्यांचं गाव

बालीच्या पूर्वेला जाणाऱ्या बहुतेकांचा प्रवास कोमोडोपाशी संपतो. फ्लोरेस ओलांडून पुढे गेलं की सोलोर, आदोनारा आणि लेंबाता ही बेटं लागतात. लेंबाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाबालेकान डोंगराच्या खडकाळ उतारावर लामालेरा आहे. हाताने भाला मारून देवमासा धरणारं गाव अशी त्याची ख्याती. लोक जातात ते त्यासाठीच, आणि मी व माझी मावसबहीणही त्याच उत्सुकतेने गेलो. तिथे राहिल्यावर मात्र माझं मन गुंतलं ते दुसऱ्या गोष्टीत. या गावात कशावर कुणाचा किती हक्क हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, आणि गावाची निर्धास्ती त्या हक्कांवर उभी आहे. जाणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

पोहोचण्याचं थोडक्यात सांगते. भारतीयांना इंडोनेशियात उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया, आणि तो एकदा वाढवता येतो. बालीहून तिमोर बेटावरचं कुपांग शहर, आणि कुपांगहून लेवोलेबा या लेंबाताच्या मुख्य गावी छोटं विमान जातं. आम्ही फ्लोरेसच्या पूर्व टोकाच्या लारांतुकाहून बोटीने गेलो. वेळ जास्त लागतो, पण आदोनाराचा किनारा जवळून दिसतो. लेवोलेबाहून पुढे लाकडी बाकं बसवलेला ट्रक. अंतर फार नाही, तरी डोंगरातला रस्ता काही तास खातो आणि डिसेंबर ते मार्च पावसात त्याची अवस्था वाईट असते. ट्रकची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. रोख पैसे लेवोलेबातच काढा, मोठं हॉस्पिटलही तिथेच आहे. या भागात मलेरिया आहे, तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला आणि मच्छरदाणी सोबत ठेवा.

गावात गेल्यावर पहिलं काम म्हणजे सरपंचाकडे नोंद. इंडोनेशियात पाहुण्याने २४ तासांच्या आत कळवावं अशी पद्धत आहे, गावोगावी तसे फलक दिसतात. शहरात ती कुणी फारशी मनावर घेत नाही, इथे घेतात. उतरण्याची सोय गावकऱ्यांच्या घरीच होते. एकदा एखाद्या घरी उतरलं की तुम्ही त्या घराचे पाहुणे, आणि तुमची जबाबदारी त्या घराची. वाटेत भेटणारा प्रत्येक जण आम्हाला आधी विचारायचा की कोणाकडे उतरलात. उत्तर मिळालं की त्याची शंका मिटायची.

आता त्या हक्कांविषयी. लामालेराच्या लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे आले. शेवटचा मुक्काम लेपान बातान या बेटांवर होता, तिथे संकट कोसळलं म्हणून ते निघाले आणि इथे आधीपासून राहणाऱ्यांनी त्यांना जागा दिली. त्या मूळ रहिवाशांची कुळं आजही ‘जमिनीचे धनी’ मानली जातात. हंगामाच्या सुरुवातीला देवमाशांना बोलावण्याचा विधी त्यांच्याकडे असतो, आणि प्रत्येक देवमाशाच्या डोक्याकडचा ठरलेला भाग त्यांना जातो. जागा दिल्याची परतफेड अजून, दर शिकारीला, चालू आहे. जमीन खडकाळ, पीक जेमतेम, म्हणून या गावाची खरी मालमत्ता किनाऱ्यावर गवती छपरांखाली उभी असते.

ती म्हणजे ‘तेना’ या होड्या. लोखंडी खिळे न वापरता लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, ताडाच्या जातीच्या पानांचं विणलेलं शीड असलेल्या. एक होडी एका माणसाची नसते, कुळाची असते, आणि तिच्यात अनेक घरांचे हिस्से असतात. देवमासा किनाऱ्याला लागला की कुठली रेघ कुठून कापायची हे आधीच ठरलेलं असतं. भाला मारणारा लामाफा, वल्हवणारे, होडी बांधणारा सुतार, भाल्याचं पातं घडवणारा लोहार, शीड करणारा, होडीचे हिस्सेदार, प्रत्येकाचा तुकडा निराळा. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, फक्त धान्याच्या राशीच्या जागी इथे मासा. वाट्यातून आलेलं मांस पुढे नातेवाइकांत फिरतं. ज्या घरात समुद्रावर जाणारं कुणी उरलं नाही, तिथेही चूल पेटते ती यामुळे.

मांसाच्या पट्ट्या घरासमोर बांबूंवर वाळत घालतात. दर शनिवारी वुलांदोनीच्या बाजारात बायका त्या घेऊन जातात आणि डोंगरावरच्या गावांतून आलेल्यांकडून मका, केळी, कंद घेतात. पैसा न वापरता, वस्तूला वस्तू. शिट्टी वाजेपर्यंत अदलाबदल सुरू होत नाही. हा बाजार चुकवू नका, मुक्कामात एक शनिवार येईल असंच नियोजन करा.

चित्र बदलतंय, हेही सांगायला हवं. मागे बाहेरून इंजिन बसवलेल्या छोट्या होड्यांना तिथे ‘जॉन्सन’ म्हणतात. त्यांचं आणि जाळ्यांचं उत्पन्न बरंचसं मालकाचं आणि चालवणाऱ्यांचं असतं, जुन्या वाटणीचे नियम त्यांना तसेच लागत नाहीत. देवमाशाच्या शिकारीवर बाहेरून टीका होते आणि इथे धरली जाणारी स्पर्म व्हेल ही देवमाशाची जात धोक्यात असल्याने ती समजण्यासारखी आहे. गावासमोरच्या सावू समुद्रात सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं तेव्हा गावकऱ्यांच्या विरोधामुळे लामालेराचं पाणी वगळलं गेलं. मला प्राणी मरताना पाहणं जड गेलं असतं, म्हणून आम्ही शिकारीच्या होडीवर गेलो नाही. तरीही माझं मत असं झालंय की गावाला अधिक घातक आहे ते वाटे मोडणं. मासे कमी झाले तर सगळ्यांचे कमी होतील, वाटे गेले तर आधी विधवांचे आणि म्हाताऱ्यांचे जातील.

समुद्रकिनारी जमीन घ्यायची स्वप्नं पाहणारे परदेशी या पट्ट्यात भेटतात, म्हणून एक स्पष्ट इशारा. १९६० च्या जमीन कायद्यानुसार इंडोनेशियात पूर्ण मालकी हक्क फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाला वापराचा हक्क किंवा भाडेपट्टा, एवढंच. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन ‘आतून आपली’ असा करार केला तर तो कायद्याने रद्दबातल ठरतो आणि पैसे बुडतात. शिवाय अशा गावात जमिनीवर कुळाचा हक्क असतो, विकायला निघालेल्या एका माणसाच्या सहीने तो सुटत नाही. कुणी जमीन दाखवली तरी विसारसुद्धा देऊ नका.

चोरीची भीती मला वाटली नाही. दोघी बायका संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायचो, कुणी त्रास दिला नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे मात्र घालावेत, गाव श्रद्धाळू कॅथलिक आहे. १ मे रोजी हंगाम उघडतो तेव्हा किनाऱ्यावर मिसा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते, आणि त्याआधी समुद्राने नेलेल्यांसाठी प्रार्थना. त्या दिवसांत जाणार असाल तर कॅमेरा खाली ठेवून मागे उभे राहा. दुसरी गोष्ट भांडणाची. भाला चुकला, होडीला अपघात झाला तर लोक आधी शोधतात की किनाऱ्यावर कोणाच्या घरात वाद राहिलाय. तो मिटवल्याशिवाय लामाफा पुन्हा पुढे उभा राहत नाही. म्हणून पैशांवरून चढ्या आवाजात घासाघीस करू नका. दर आधीच, शांतपणे, घरच्या बाईंशी ठरवा. फोटो आणि ड्रोनसाठीही विचारा.

खरा धोका समुद्राचा आणि जमिनीचा. ज्यांना होडीवर जायचंच आहे त्यांनी भाल्याच्या दोराजवळ पाय ठेवू नये. भाला लागलेला देवमासा पळू लागला की दोर सरसर धावतो आणि हातपाय ओढून नेतो. १९९४ मध्ये तर देवमाशाने होड्या दूर समुद्रात ओढून नेल्या होत्या आणि माणसं दिवसेंदिवस बेपत्ता होती.

याच दक्षिण किनाऱ्यावर वाइतेबा इथे जुलै १९७९ मध्ये रात्री डोंगराचा कडा समुद्रात घसरला आणि त्सुनामीने शेकडो माणसं गेली. आधी मोठा भूकंप झाला नव्हता. तेव्हा हादऱ्याची वाट पाहायची नाही. पाणी अचानक मागे हटलं किंवा समुद्राकडून वेगळा घुमणारा आवाज आला की सामान सोडून वर धावायचं. लामालेराचं एक गाव खाली किनाऱ्यालगत आणि दुसरं वर आहे. वर जाणाऱ्या वाटा पहिल्याच दिवशी उजेडात चालून पाहा. बेटाच्या उत्तरेला लेवोतोलोक ज्वालामुखी आहे. एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा चक्रीवादळाच्या पावसाने त्याच्या उतारावरून दगडमातीचे लोंढे आले आणि वस्त्या गाडल्या गेल्या. हवामान आणि लाटांचा अंदाज बीएमकेजी या सरकारी संस्थेच्या ॲपवर रोज बघायची सवय ठेवा. शोध आणि बचावासाठी ११५, रुग्णवाहिकेसाठी ११९.

शाकाहारींनी घाबरू नये. शेवग्याच्या पाल्याची पातळ भाजी जवळपास रोज मिळते, भात असतो, आणि गरम मक्याचे दाणे दगडाने एकेक चेपून केलेले मक्याचे पोहे चहाबरोबर फार छान लागतात. फक्त ‘मांस आणि मासे दोन्ही नको’ असं पहिल्या जेवणाआधी सांगा, आणि भाजीत सुकी मासळी पडत नाही ना तेही विचारा. डाळ-मसाला थोडा सोबत न्या. परतताना लेवोलेबातून निघायच्या आणि बालीहून भारतात यायच्या विमानांत दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेसवरचा लेवोतोबी लाकी-लाकी ज्वालामुखी फुटला तेव्हा राखेमुळे थेट बालीची विमानं रद्द झाली होती.