भिंतीवरचा कवडसा आणि आठवीचा वर्ग

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला की कोल्हापुरातल्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट छापून येते: अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणे आज कुठपर्यंत पोहोचली. परंपरेने ९, १० आणि ११ नोव्हेंबर हा एक किरणोत्सव आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हा दुसरा. पहिल्या दिवशी किरणे देवीच्या चरणांशी येतात, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यापर्यंत चढतात आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातात, हे इथल्या मुलांना शाळेत येण्याआधीपासून ठाऊक असते. मी बावीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आहे. त्यांतली पहिली सोळा-सतरा वर्षे मी सूर्याचे भासमान भ्रमण फळ्यावर गोल काढून शिकवत होते आणि शाळेपासून वीस मिनिटांच्या अंतरावर तेच भ्रमण मूर्तीच्या अंगावरून सरकताना दिसते, ही गोष्ट माझ्या तासाला कधी आली नव्हती.

त्या काळात माझा वर्ग शांत असे आणि निकालही चांगला लागे. ‘भौगोलिक कारणे द्या’ या प्रश्नाला मुले तीन मुद्द्यांचे उत्तर लिहीत, ते तीन मुद्दे मीच लिहून दिलेले असत आणि ते जसेच्या तसे उतरले की मी पूर्ण गुण देत असे. एकदा एका मुलीने विचारले, की पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते असे आपण शिकलो, मग थंडी नेमकी तेव्हाच का पडते? प्रश्न अतिशय नेमका होता. अक्षाचा कल आणि अंतर यांतले कोणते कारण मोठे, हे समजून घेण्याची वाट त्या प्रश्नातून सरळ जात होती. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘हे परीक्षेला नाही, पुढे शिकाल.’ त्या वर्षी त्या मुलीने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. तिचा चेहरा मला आजही स्पष्ट आठवतो, आणि वर्गात मुलांनी विचार करावा यासाठी मी जे काही करते त्याची सुरुवात तिथे आहे.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी दिवाळी लवकर आली होती, त्यामुळे ९ नोव्हेंबरला शाळा भरलेली होती. आठवीच्या वर्गात गेल्यावर मी फळ्यावर किरणोत्सवाच्या दोन्ही वेळच्या तारखा लिहिल्या आणि खाली एवढेच लिहिले: ‘दोनदाच का? आणि याच तारखांना का?’ मग खडू खाली ठेवला आणि काहीही बोलले नाही.

हे न बोलणे शिकायला मला फार वेळ लागला. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून १९७० च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली होती: प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हाच वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केला, तर मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुले कमी होतात, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुले स्वतःही प्रश्न विचारतात. तीन सेकंद वाचायला काहीच वाटत नाहीत. पन्नास-साठ मुलांसमोर उभे राहून ते काढून पाहावेत, म्हणजे त्यांची लांबी कळते. मी प्रश्न विचारला की हात पाठीमागे घेते आणि अंगठ्याने करंगळीची तीन पेरे मोजते. अवघड प्रश्न असेल तर चारही बोटांची पेरे मोजून होतात. मुलांना हे दिसत नाही.

त्या दिवशी पेरे मोजून झाली तरी हात वर आले नाहीत, तेव्हा मी सगळ्यांना कच्च्या वहीत दोन ओळी लिहायला सांगितल्या, चूक-बरोबर कसेही. बोलण्याआधी लिहू दिले की मागच्या बाकांवरच्या मुलींचे म्हणणे वर्गापुढे येते, एरवी पहिल्या दोन बाकांवरची तीन-चार मुलेच संपूर्ण तास चालवतात. एकाने लिहिले होते, देवळाची खिडकी तशी बांधली आहे. एकीने लिहिले होते, सूर्य दक्षिणेला जातो म्हणून. तिसऱ्याने काहीच न लिहिता दोन तारखांमधले दिवस मोजायला घेतले होते: १० नोव्हेंबरनंतर नोव्हेंबरचे २०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचा १, एकूण ८३. मी त्याला फक्त विचारले, ‘याचा मध्य कुठे येतो?’ निम्मे साडेएकेचाळीस. बोटांवर मोजत वर्ग २१-२२ डिसेंबरपाशी येऊन थांबला आणि मग कोणीतरी मोठ्याने ओरडले, ‘बाई, तो तर सगळ्यांत लहान दिवस!’

यानंतर जे झाले ते मी ठरवून घडवू शकले नसते. एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘बाई, हे केएमटीसारखं आहे. बस शेवटच्या थांब्यावरनं वळून परत येती, तेव्हा वाटेतला थांबा दोनदा लागतो. शेवटचा एकदाच लागतो.’ उत्तरायण-दक्षिणायन मी इतकी वर्षे शिकवले, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते. १० नोव्हेंबरला आणि १ फेब्रुवारीला कोल्हापुरातून पाहिले तर सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला साधारण १८ अंशांवर मावळतो. डिसेंबरच्या टोकाला तो सुमारे साडेचोवीस अंशांपर्यंत जाऊन वळतो. हे आकडे मी नंतर दिले. आधी दिले असते तर बसच्या थांब्यापर्यंत कोणी पोहोचले नसते, याची मला खात्री आहे.

मी लगेच ‘शाबास, बरोबर’ म्हणाले नाही. पहिल्या बरोबर उत्तराला शाबासकी मिळाली की उरलेला वर्ग विचार करणे थांबवतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता मी फक्त ‘आणखी कोणाला काय वाटते?’ असे विचारते. सुरुवातीला मुलांना वाटे की बाई असे म्हणाल्या म्हणजे उत्तर चुकले. ती सवय मोडायला एक संपूर्ण सत्र गेले. त्या दिवशी मात्र या प्रश्नावर खिडकीजवळ बसणारा एक मुलगा म्हणाला, ‘पण बस परत येताना थांबे उलट्या क्रमानं लागतात. मग फेब्रुवारीत किरणं आधी तोंडावर आणि शेवटी पायांवर पडाय पाहिजेत नव्हं? पेपरात तर दोन्ही वेळी पाय आधी लिहित्यात.’

मला उत्तर माहीत नव्हते आणि मी तसे सांगितले. प्रश्न एका कार्डशीटवर लिहून भिंतीवर लावला. शिक्षकाने ‘मला माहीत नाही’ म्हटले की मुलांचा विश्वास उडतो, असे मला डी.एड.ला असल्यापासून ऐकवले गेले आहे. माझा अनुभव वेगळा आहे. ‘मला माहीत नाही, कसे शोधता येईल?’ एवढे शिक्षकाने विचारले की प्रश्न वर्गाच्या मालकीचा होतो. कसे शोधायचे हेही मुलांनीच सुचवले. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी पश्चिमेला आहे आणि दुपारच्या सत्रात शेवटच्या तासाला समोरच्या भिंतीवर कवडसा पडतो. दुसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबरला, बरोबर पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी कवडशाच्या वरच्या कोपऱ्याशी पेन्सिलने रेघ मारली.

इतिहासाचा तास माझ्याकडे नसतो, तरी एक प्रसंग इथे सांगायला हवा, कारण प्रश्न खरा असला की तो कोणत्याही विषयात चालतो. एका सहकारी बाईंच्या रजेवर मी सातवीला गेले होते. विषय होता राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात केलेल्या सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता त्याचा. मी विचारले, तुम्ही दरबारात असता तर महाराजांना या दंडाबद्दल काय सांगितले असते? बऱ्याच वेळाने ऊसतोडीसाठी आलेल्या टोळीतला एक मुलगा, जो हंगामापुरता आमच्याकडे होता, हळूच म्हणाला, ‘बाई, दंडाचा रुपया आणायला बापानं त्याच पोराला कामाला लावलं तर?’ वर्ग एकदम स्तब्ध झाला. पुढची वीस मिनिटे मुले दंड असावा की नसावा, फी माफ केली तरी घरची मजुरी बुडते तिचे काय करायचे, वसतिगृहे का काढावी लागली असतील, यावर बोलत होती. त्या मुलाला मोठी उत्तरे लिहायला जमत नव्हती आणि चाचणीत त्याला कमी गुण पडत. मी हे त्याच्या वर्गशिक्षिकांना मुद्दाम जाऊन सांगितले.

असे शिकवणे नवे नाही आणि बाहेरून आणायचेही नाही. याच शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांच्या अनुभवांतून, त्यांच्या प्रश्नांतून शिकणे उभे करता येते हे मराठी माध्यमात प्रत्यक्ष करून दाखवले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा आणि घोकंपट्टीपासून दूर जा असे सांगितले. प्रशिक्षणांत हे आम्ही वारंवार ऐकतो. पण ऐकल्यावर वर्गात परत आलो की पोर्शन, घटक चाचणी आणि पालकसभा समोर उभ्या असतात.

तो अडथळा खरा आहे. किरणोत्सवाने माझे तीन तास घेतले आणि त्यापायी पुढचा एक धडा मला भराभर संपवावा लागला. प्रत्येक धडा असा शिकवता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. पण तीन तासांत मुलांनी जे स्वतः जुळवले त्यासाठी एक धडा घाईने उरकणे मला योग्य वाटले, आणि पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. पालकांपैकी एकांनी विचारलेही, की बाई, परीक्षेत किरणोत्सव येणार का? मी त्यांना मुलाची कच्ची वही दाखवली. त्यांनी ती बराच वेळ चाळली आणि काही न बोलता परत केली.

डिसेंबरभर कवडसा रेघेपासून डावीकडे, म्हणजे उत्तरेला सरकत गेला; जानेवारीत परत फिरला. याच भिंतीवर मुलांना दुसरी गोष्ट दिसली: एकाच संध्याकाळी, सूर्य जसा खाली जातो तसा कवडसा भिंतीवर वर चढतो. म्हणजे आडवे सरकणे तारखेचे आणि वर चढणे त्या संध्याकाळच्या वेळेचे, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवायला हवा. कार्डशीटवरच्या प्रश्नाखाली त्या मुलाने हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले.

१ फेब्रुवारीला पाच वाजून वीस मिनिटांनी सगळा वर्ग भिंतीपाशी गोळा झाला. कवडसा रेघेवर नव्हता, बराच खाली होता. मुले हिरमुसली, एक-दोघांनी तर आपली मोजणी चुकली असे मानून वह्या मिटल्या. मी पेरे मोजत उभी राहिले. तेवढ्यात घंटा झाली, पण ‘बाई, अजून चढतोय, थांबूया’ असे एकीने म्हटले आणि कोणीच दप्तर उचलले नाही. शिपाईमामा खोली बंद करायला आले तेही दारात थांबले. साडेपाच झाले, पाच चाळीस झाले, आणि सहाला दहा मिनिटे कमी असताना कवडशाचा कोपरा नोव्हेंबरच्या रेघेला येऊन टेकला. एकाने वेळ लिहून घेतली, आणि केएमटीचे उदाहरण देणारी मुलगी कार्डशीटच्या उरलेल्या जागेत लिहू लागली: जागा तीच, मग घड्याळ अर्धा तास पुढे का?

शिपाईमामांनी विचारले, ‘बाई, ही रेघ पुसायची का?’ पोरांनी एका सुरात नाही म्हटले.