एल्फिन्स्टन आडनावाची माणसे

आमच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८३४ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले, त्यामुळे हे स्कॉटिश आडनाव इकडच्या शाळकरी मुलांच्याही कानावरून गेलेले असते. मात्र त्या आडनावाचे मुंबईला दोन गव्हर्नर होऊन गेले, हे मोठ्यांच्याही सहसा लक्षात नसते.

आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखे हेही गावावरून पडलेले आहे. एडिंबरोच्या पूर्वेला ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन हे गाव आजही आहे. बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी १४९५ मध्ये ॲबर्डीन विद्यापीठ स्थापन केले. ॲडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन यांनी १७९५ मध्ये डचांकडून दक्षिण आफ्रिकेतले केप घेतले, आणि १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला धाडण्याचा निर्णय कळवण्याचे अवघड काम त्यांच्याच वाट्याला आले.

या ॲडमिरलचे पुतणे म्हणजे माउंटस्टुअर्ट. पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे वकील, असताना, १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यातील संगमावरचा त्यांचा बंगला पुस्तका-कागदांसकट जळाला. पेशवाई बुडवण्यात ज्यांचा मोठा हात, तेच १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते, आणि निरोपाच्या वेळी त्यांच्या नावाने शिक्षणासाठी लोकांनी दोन लाख रुपयांहून अधिक वर्गणी जमवली. याचे मला अजूनही नवल वाटते. त्या निधीतूनच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली.

काबूलची गोष्ट त्याहून विलक्षण. माउंटस्टुअर्ट १८०९ मध्ये काबूलचा राजा शाह शुजा याला पेशावरात भेटले आणि काबूलला पाऊलही न टाकता त्यांनी त्या राज्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, जो १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे चुलतभाऊ जनरल विल्यम एल्फिन्स्टन मात्र प्रत्यक्ष काबूलला इंग्रज फौजेचे सेनापती होते. संधिवाताने जर्जर झालेल्या या सेनापतीने जानेवारी १८४२ मध्ये सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे घेऊन बर्फातून माघार घेतली. त्या फौजेची वाटेतच धूळधाण उडाली आणि जनरल त्याच वर्षी कैदेत वारले.

दुसरे गव्हर्नर जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, हे माउंटस्टुअर्ट यांचे पुतणे. १८५३ ते १८६० या त्यांच्या कारकिर्दीतच सत्तावनचे बंड झाले. दादरजवळच्या ज्या स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, त्याला नाव होते ते या पुतण्याचे. एल्फिन्स्टन कॉलेजला आहे ते काकांचे.